राजिंदरची सही

दिवाळीच्या आधी माळा आवरायला काढणं हा आमच्या घरातला सर्वांत धोक्याचा कार्यक्रम. मी शिडीवर, ही खाली. मी वरून एकेक वस्तू दाखवायची आणि तिने खालून निकाल द्यायचा. निकालाचे प्रकार दोनच, "रद्दी" आणि "भंगार". अपिलाची सोय नाही. यंदा मात्र बाणेरहून भाचा आला होता आणि त्याने ऐन वेळी मध्यस्थी केली म्हणून एक वस्तू रद्दीवाल्याच्या तराजूतून परत आली. ती म्हणजे माझं लहानपणचं ऑटोग्राफ बुक.

तळहातापेक्षा थोडं मोठं, आडवं, लाल रेग्झिनचं कव्हर, त्यावर एके काळी सोनेरी असलेली अक्षरं. आत गुलाबी, पिवळी, फिकट निळी, पिस्त्याच्या रंगाची पानं. एका पानाशी दुसऱ्याचा रंग जुळू द्यायचा नाही, असा त्या छापखान्याचा पण असावा. सहावी पास झालो म्हणून वडिलांनी चंदीगडच्या सेक्टर सतरातून आणून दिलेलं. पहिल्या पानावर आईची सही, "सौ. आई" अशी. पहिलं पान कुणाला द्यायचं यावर मी दोन दिवस विचार करत होतो, तेवढ्यात तिने पोळ्या लाटता लाटता उठून सही करून टाकली. पानावर तुपाचा डाग अजून आहे. पुढे मुख्याध्यापक, ड्रिलमास्तर, दवाखान्यातला कंपाउंडर, शाखा बदलून चाललेला बँकेचा कॅशियर. प्रत्येकाने उपदेश केलेला. इतका उपदेश माझ्या वाट्याला एकत्रित असा पुन्हा लग्नातच आला.

भाचा पानं उलटत उलटत पिस्त्याच्या रंगाच्या एका पानावर थांबला.

"मामा, ही कुणाची सही?"

"खेळाडूची."

"कुठला खेळाडू?"

इथे मी शिडीवरून उतरलो. या प्रश्नाचं उत्तर मला गेली पंचेचाळीस वर्षं देता आलेलं नाही आणि ते शिडीवर उभं राहून देण्यासारखं तर मुळीच नाही.

माझं लहानपण पिंजौरला गेलं. पिंजौर म्हणजे चंदीगडहून काल्क्याकडे जाताना, शिवालिकच्या पायथ्याशी लागणारं हरियाणातलं गाव. वडील एचएमटीच्या कारखान्यात टूलरूमला होते. यंत्रं बनवणारा हा कारखाना १९६३चा. पुढे १९७१ पासून चेकोस्लोव्हाकियाच्या सहकार्याने तिथे ट्रॅक्टरही बनू लागले. घड्याळांचं एचएमटी सगळ्यांना माहीत. वडील एचएमटीत आहेत म्हटलं की पुण्यातले नातेवाईक मनगट पुढे करून म्हणायचे, "जरा मागे पडतंय हो." वडील ट्रॅक्टरच्या गिअरचे सुटे भाग करण्याच्या हत्यारांबद्दल काही सांगू बघत, पण मनगट मागे जात नसे.

कॉलनीत सगळ्या देशातली माणसं होती, पण जिभा मात्र पंजाबी. पंजाबी जिभेला जोडाक्षराचं वावडं. "स्कूल"चं "सकूल" आणि "स्टेशन"चं "सटेशन" करणाऱ्यांनी माझ्या नावातल्या "द्र"लाही सोडलं नाही. घरात मी राजेंद्र, उंबऱ्याबाहेर राजिंदर. आईने सुरुवातीला शेजारणींचे उच्चार सुधारण्याचा प्रयत्न केला. सहा महिन्यांनी ती स्वतःच मला अंगणातून "राजिंदर, वरण गार होतंय" म्हणून हाक मारू लागली.

आणि पिंजौर म्हणजे बाग. औरंगजेबाचा दूधभाऊ फिदाई खान याने सतराव्या शतकात बांधलेली. मोगल बागा सहसा पायरीपायरीने वर चढत जातात, ही उलटी. दारातून आत शिराल तर सात टप्प्यांनी खाली उतरत जाते. मधून पाण्याचा पाट, पाटात कारंजी, वाटेत शीशमहाल, रंगमहाल, जलमहाल. फिदाई खानाला ती फार काळ उपभोगता आली नाही म्हणतात. त्याची गोष्ट आमच्या कॉलनीत प्रत्येक पाहुण्याला सांगितली जायची. आसपासच्या डोंगरी राजांना हा शेजारी नको होता. त्यांनी गळ्याला मोठी गलगंडं असलेल्या बायका जनानखान्यात पाठवल्या आणि त्यांच्याकडून सांगवलं, इकडच्या पाण्यानेच हे होतं. आठवड्याभरात जनानखान्याने सामान बांधलं. गोष्ट खरी असो वा खोटी, मालमत्तेचा भाव पाडायची याहून स्वस्त युक्ती मी ऐकलेली नाही.

याच बागेत मला ती सही मिळाली. थंडी संपत आलेली, रविवारची दुपार. आम्ही दोघं, मी आणि समोरच्या क्वार्टरमधला माझा सरदार मित्र, पाटात कागदी होड्या सोडत होतो. वरच्या टप्प्यावर गर्दी दिसली. गर्दीच्या मध्यभागी ब्लेझर घातलेला एक माणूस. लोक त्याच्या सह्या घेत होते. कोण आहे ते विचारायची पद्धत नव्हती. त्या काळी रांग दिसली की आधी उभं राहायचं आणि मग पुढे काय मिळतंय ते विचारायचं. रॉकेल असेल, साखर असेल, काहीतरी असेलच. माझ्या खिशात ऑटोग्राफ बुक होतं, कारण ते मी झोपतानाही जवळ ठेवत असे. आम्ही घुसलो. ब्लेझरवाल्याने वही घेतली, काहीतरी लिहिलं, परत दिली. मी ती उघडी धरून, शाई वाळावी म्हणून फुंकर मारत, विजयी वीरासारखा पाटाच्या कडेने निघालो. आणि काल्क्याच्या बाजूने वारा सुटला.

पिंजौरच्या बागेतली कारंजी दिसायला सुंदर आहेत. त्यांचा फवारा कुठे जाईल हे मात्र वारा ठरवतो. शाई होती रॉयल ब्लू, म्हणजे शाळकरी मुलांच्या आयांनी धुवायला सोपी म्हणून पसंत केलेली, पाणी लागलं की विरघळणारी. मी वही मिटली तोवर पान धुऊन निघालं होतं.

जे उरलं ते असं. इंग्रजीत "राजिंदर" हा एक शब्द, स्वच्छ. त्याच्या आधी एक निळा ढग. त्याच्या नंतर एक ठसठशीत "जी" आणि त्याला जोडून कारंज्याकडे वाहत गेलेली रेघ. खाली उजव्या कोपऱ्यात दुसरा, मोठा निळा ढग.

एवढाच पुरावा. त्यावरून आमच्या घरात दोन पक्ष पडले, ते आजतागायत आहेत. वडिलांचं मत, निळ्या ढगात "टू" असणार, म्हणजे "टू राजिंदर", आणि "जी" म्हणजे "गुड लक". तसं असेल तर ज्याच्यासाठी सगळा आटापिटा केला ती सही खालच्या मोठ्या ढगात गेली. म्हणजे माझ्याकडे जो ऑटोग्राफ आहे त्यात नाव आहे, शुभेच्छा आहेत, सही तेवढी नाही. लग्नाच्या आमंत्रणपत्रिकेवर सगळं छापावं आणि नवरानवरीची नावं राहावीत तसं.

भाच्याने पाच मिनिटं मोबाइलवर काहीतरी शोधलं आणि दुसरा पक्ष उचलून धरला.

"मामा, टू-बिटू काही नाही. राजिंदर हीच सही आहे. आणि जी म्हणजे गोयल. राजिंदर गोयल!"

राजिंदर गोयल हे नाव आजच्या मुलाने उच्चारलेलं ऐकून मला भरून आलं. हरियाणाचे डावखुरे फिरकी गोलंदाज. रणजी करंडकात ६३७ बळी, आजवरचे सर्वाधिक. प्रथम श्रेणीत एकूण ७५०. आणि कसोटी सामने शून्य. दोष त्यांचा एवढाच की बिशनसिंग बेदी त्याच काळात जन्मले आणि तेही डाव्याच हाताने फिरकी टाकत. १९७४ साली बंगळुरूला वेस्ट इंडिजविरुद्ध बेदींना वगळलं होतं. गोयल संघाबरोबर पोचलेही होते. सकाळी अकरांत नाव नव्हतं. तसेच आपले पद्माकर शिवलकर. प्रथम श्रेणीत ५८९ बळी आणि कसोटीच्या रकान्यात तीच पोकळी. या दोघांना क्रिकेट मंडळाने २०१७ साली सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार एकत्रच दिला. सुनील गावस्करने आपल्या आवडत्या खेळाडूंवर पुस्तक लिहिलं त्यातही दोघांना जागा दिली. निवड समितीच्या यादीत न मावलेली माणसं दुसऱ्या याद्यांत अशी शेजारी शेजारी बसलेली दिसतात.

"म्हणजे भाव किती येईल?" हिने विचारलं. पंचेचाळीस वर्षांत त्या वहीबद्दल विचारला गेलेला हा पहिला आदराचा प्रश्न.

"आत्ता फार नाही," भाचा म्हणाला. "कसोटी खेळलेले नाहीत ना. अंडरव्हॅल्यूड आहेत. पण हीच तर वेळ आहे होल्ड करायची."

शेअर बाजारात पैसे घालवलेल्या माणसाच्या तोंडी "होल्ड" हा शब्द फार शोभून दिसतो. त्या रात्री जेवणं झाल्यावर त्याने मला या धंद्याचं व्याकरण समजावून सांगितलं आणि मी आयुष्यात प्रथमच माझ्या छंदाकडे सुनेकडे पाहावं तसं पाहिलं. म्हणजे प्रेमाने, पण किंमत करत.

पहिला नियम असा की मोठा माणूस म्हणजे महाग सही, असं नाही. डॉन ब्रॅडमन यांच्याहून मोठा फलंदाज कोण? पण ते निवृत्तीनंतरही रोजच्या टपालाचा ढीग घेऊन बसत, उत्तरं लिहीत, सह्या करत. २००१ साली ९२व्या वर्षी वारले तोवर त्यांच्या सह्या जगभर इतक्या पसरल्या होत्या की त्या सहीला मान आहे, पण दुर्मीळ कुणी म्हणत नाही. उलट ज्याने तुसडेपणाने मुलांना हाकलून लावलं त्याची एखादी सही भाव खाऊन जाते. म्हणजे चांगुलपणाने भाव पडतो आणि तिरसटपणाने चढतो. हे ऐकून माझ्या डोळ्यांसमोर आमच्या जुन्या ऑफिसातले एक साहेब आले. रजेच्या अर्जावर ते कधीच सही करत नसत. आज त्यांची एखादी सही बाजारात काय जाईल, याचा अंदाज करवत नाही.

दुसरा नियम, माणसापेक्षा वस्तू. धोनीने ज्या बॅटने २०११च्या विश्वचषकाचा अंतिम सामना जिंकला ती त्याच वर्षी लंडनच्या लिलावात एक लाख पौंडांना गेली. शेन वॉर्नची कसोटीतली हिरवी टोपी जानेवारी २०२० मध्ये दहा लाख ऑस्ट्रेलियन डॉलरच्या वर गेली. पैसे त्याने वणव्यात होरपळलेल्यांसाठी दिले. माझ्याकडे टोपी नाही, बॅट नाही, पिस्त्याच्या रंगाचा कागद आहे.

तिसरा नियम, शाई बोलते. अमेरिकेत बहुतेक सह्या ज्या पक्क्या शाईच्या मार्करने होतात तो १९६४ साली बाजारात आला. तेव्हा १९४८ मध्ये वारलेल्या बेब रूथची मार्करने केलेली सही कुणी दाखवली, तर ती विकत घेऊ नये, परलोकविद्येच्या मंडळाकडे पाठवावी. खोट्या सह्यांचा धंदा तिथे एवढा माजला की एफबीआयला मोहीम काढावी लागली, तिचं नाव ऑपरेशन बुलपेन. पकडलेल्या मालात मदर तेरेसांची सही असलेला बेसबॉलही निघाला. हे वाचून मी बराच वेळ हसलो. मग वाटलं, तो घेणाराही कुणीतरी असेलच. त्याने बायकोला काय सांगितलं असेल?

चौथ्या नियमावर मी अडखळलो. सहीच्या आधी कुणाचं नाव असेल, "टू अमुक" असं, तर सहसा तिचा भाव उतरतो.

"का?"

"दुसऱ्याचं नाव लिहिलेलं कोण भिंतीवर लावेल, मामा?"

बरोबरच आहे. जुनं भांडं विकत घेतलं आणि त्यावर "चि. सौ. कां. सुमन हिस आत्याकडून" असं निघालं तर आपण ते पाहुण्यांसमोर ठेवत नाही. पण मला प्रश्न पडला. खेळाडू मान वर करून विचारतो, "नाव काय?" आणि आपण ते सांगतो, एवढाच काय तो दोघांत झालेला व्यवहार. त्या एका क्षणी त्याने आपलं नाव ऐकलेलं असतं. बाजाराला नेमका तोच क्षण पुसून हवा असतो. म्हणजे पिंजौरच्या कारंज्याने "टू" पुसून माझं भलंच केलं म्हणायचं!

दुसऱ्या दिवशी भाच्याने मला सहकारनगरच्या "ब्लेड्स ऑफ ग्लोरी" या क्रिकेटच्या संग्रहालयात नेलं. सचिनच्या हस्ते २०१२ साली उघडलेलं. काचेमागे बॅटी, बॅटींवर सह्या. इतक्या मोठ्या माणसांची हस्ताक्षरं एका छताखाली पाहून मी एक शोध लावला. सगळ्यांची सही वाचायला अवघड असते, पण अजिबात न वाचता येणारी सही आणि पाण्याने गेलेली सही यांत फरक फार थोडा आहे. काचेसमोरच्या मुलांनी मात्र एकाही सहीकडे पाहिलं नाही. ती बॅटींकडे पाठ करून स्वतःचे फोटो काढत होती. आता कुणी वही पुढे करत नाही. मोबाइल पुढे करतं आणि खेळाडूही हसून मान तिरकी करतो. तेही चांगलंच. पण ज्यांचे हात कागदावर सह्या करायला सरावले होते ती पिढी संपत आली. भाच्याच्या हिशेबाने हीच तेजीची वेळ, कारण माल तयार व्हायचा बंद झालाय.

याचा धडा मला पिंजौरनेच दिलेला आहे. वडील ज्या कारखान्यात होते तिथला ट्रॅक्टरचा विभाग २०१६ साली बंद झाला. आम्हाला वाईट वाटलं, बाकी जगाला पत्ता नव्हता. आणि मग पंजाबातल्या पोरांना अचानक जुन्या एचएमटी ५९११चं वेड लागलं. गायक सिद्धू मूसेवालाने तो मिरवला आणि २०२२ मध्ये त्याची अंत्ययात्राही त्याच ट्रॅक्टरवरून निघाली. कारखाना चालू होता तेव्हा ५९११ शेतात नांगरत होता. बंद पडला आणि तो गाण्यात गेला. वडील असते तर म्हणाले असते, "हे आधी केलं असतं तर माझी ग्रॅच्युइटी वेळेवर आली असती."

पण भाव चढण्यासाठी आधी वस्तू जतन व्हावी लागते आणि जतन व्हायला आधी ती कुणीतरी मागावी लागते. पिंजौरच्या बागेला आज यादविंद्र गार्डन म्हणतात. पतियाळाच्या महाराजा यादविंद्रसिंहांनी ती सावरली म्हणून. त्यांनी भारताकडून एकच कसोटी खेळली, १९३४ साली मद्रासला जार्डिनच्या इंग्लंडविरुद्ध, २४ आणि ६० धावा. एका कसोटीच्या बदल्यात अख्खी बाग नावावर, हा भाव वाईट नाही. त्यांचे वडील भूपिंदरसिंह १९११ साली भारतीय संघाचे कप्तान म्हणून इंग्लंडला गेले. त्या दौऱ्यावर सगळ्यांत जास्त घाम गाळला तो आपल्या पळवणकर बाळूंनी. एकट्याने ११४ बळी. पण पुण्यात याच बाळूंना चहा मैदानाबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात मिळत असे. ज्याच्या हातून कप घ्यायचा नाही त्याच्यापुढे वही कोण धरणार? आज बाळूंच्या हातची एक सही कुणाच्या घरात निघाली तर मी तिला ब्रॅडमनच्या शंभर सह्यांवर ठेवीन. ती दुर्मीळ असेल ती त्यांच्या स्वभावामुळे नव्हे, आपल्या स्वभावामुळे.

खाशाबा जाधवांचं वेगळं काय? गोळेश्वरचा पैलवान. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या खर्डेकर प्राचार्यांनी राहतं घर गहाण टाकून त्यांना सात हजार रुपये दिले, तेव्हा ते १९५२ साली हेलसिंकीला पोचले आणि स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक घेऊन आले. २०१७ साली त्यांच्या घरच्यांवर ते पदक लिलावात काढायचा विचार बोलून दाखवायची वेळ आली. गावात कुस्तीचं केंद्र व्हावं एवढंच त्यांना हवं होतं. आणि चंदीगडचे बलबीरसिंग, ऑलिंपिक हॉकीची तीन सुवर्णपदकं. हेलसिंकीच्याच अंतिम सामन्यात एकट्याने पाच गोल. त्यांनी १९८५ साली मेलबर्न ऑलिंपिकमधला कप्तानाचा ब्लेझर, ३६ पदकं आणि शंभरावर छायाचित्रं क्रीडा प्राधिकरणाला संग्रहालयासाठी दिली. पुढे ती सापडेनात. २०२० मध्ये ते गेले तोवर सापडली नाहीत. ज्या देशात खुद्द ब्लेझर हरवतो तिथे ब्लेझरवाल्याची सही आमच्या माळ्यावर, डांबराच्या गोळ्यांच्या वासात, पंचेचाळीस वर्षं टिकली. आमच्या हिचे आभार मानायला हवेत. ती मानू देत नाही.

भाचा आता घाईला आला होता. वही तज्ज्ञाकडे पाठवायची, अतिनील दिव्याखाली ढगातली अक्षरं दिसतील, मग दाखला, होलोग्राम. गोयलांच्या इतर सह्यांशी ताडून पाहता येईल. मी हो म्हणेना. त्याला वाटलं खर्चाला घाबरतो. थोडं तेही होतं. पण खरं कारण सांगायला मला मे १९९१ ची गोष्ट सांगावी लागली असती.

तेव्हा आम्ही पुण्याला येऊन बरीच वर्षं झाली होती. रणजीचा अंतिम सामना वानखेडेवर, मुंबई विरुद्ध हरियाणा. तिकडे कपिल कप्तान, इकडे वेंगसरकर १३९ धावांवर नाबाद. शेवटचा गडी धावबाद झाला आणि मुंबई दोन धावांनी हरली. वेंगसरकर मैदानात रडला. आमच्या चाळीत रेडिओभोवती सुतक पडलं. मीही मान खाली घातली. राजेंद्रचं तोंड पडलेलं होतं यात शंका नाही. पण आत कुठेतरी कुणीतरी पाटाच्या कडेने उड्या मारत चाललं होतं. त्याचं नाव मला त्या दिवसापुरतं आठवलं आणि मी ते कुणाला सांगितलं नाही.

जन्माचा दाखला, मॅट्रिकचं सर्टिफिकेट, रेशनकार्ड, आधारकार्ड, सगळीकडे मी राजेंद्र आहे. राजिंदर नावाचा एक मुलगा पिंजौरमध्ये राहत होता याचा लेखी पुरावा जगात एकच, पिस्त्याच्या रंगाचं ते पान. तज्ज्ञाने दिव्याखाली पाहून सांगितलं की बरोबर, ही राजिंदर गोयल यांचीच सही, तर मला पैसे मिळतील आणि तो मुलगा जाईल. गोयलसाहेबांबद्दल मला आदर आहे. पण आयुष्यात एक जागा दुसऱ्याने घेतल्याचं दुःख त्यांना माझ्याहून जास्त ठाऊक होतं. ते मला समजून घेतील.

तरी भाच्याच्या समाधानासाठी मी एक केलं. समोरच्या क्वार्टरमधला तो मित्र अजून पिंजौरलाच असतो. दिवाळीच्या दिवशी त्याला फोन लावला. "ओए राजिंदर!" अशी हाक आली आणि फोन स्पीकरवर असल्यामुळे ती साऱ्या घराने ऐकली. ही स्वयंपाकघरातून बाहेर डोकावली, घरात कोण नवीन आलंय ते पाहायला.

इकडचं तिकडचं झाल्यावर मी विचारलं, बागेतला तो ब्लेझरवाला कोण होता रे?

त्याला कोण ते मुळीच आठवेना. हॉकीवाला असेल म्हणाला. मग म्हणाला, कारखान्याचा विक्री अधिकारीही असू शकेल, त्यांचे ब्लेझर चांगले असायचे.

"मी त्याला माझं नाव सांगितलं होतं का?"

तिकडून मोठ्याने हसण्याचा आवाज आला. "तू? तुझं तर तोंडच उघडेना. त्याने दोनदा विचारलं. शेवटी मीच ओरडून सांगितलं, जी, इसका नाम राजिंदर है."

मी भाच्याकडे पाहिलं. त्याने मोबाइल उलटा करून टेबलावर ठेवला. एका क्षणात आमची गुंतवणूक शून्यावर आली होती आणि मला तर बोनस मिळाल्यासारखं वाटत होतं. त्या शब्दाचं स्पेलिंग पंजाबी का होतं ते आज कळलं. अक्षर ब्लेझरवाल्याचं असेल, आवाज माझ्या मित्राचा होता.

"सही कुणाची ते सोड," तो पुढे म्हणाला, "पेन कुणाचं होतं ते आठवतंय ना?"

मला घाम फुटला. आठवत होतं. चिनी हीरो पेन, सोनेरी टोपणाचं. त्याच्या मामाने त्याला दिलेलं. सहीसाठी मी ते त्याच्या खिशातून ओढून घेतलं होतं. पान भिजल्याच्या रडारडीत परत द्यायचं राहिलं आणि मग ते इतकं छान चालायचं की राहूच दिलं. मॅट्रिकचे सगळे पेपर मी त्यानेच लिहिले.

"येताना घेऊन ये," तो म्हणाला. "मी वाट बघतोय."

ते पेन कधीच हरवलं. त्याच बनावटीचं, त्याच काळातलं, सोनेरी टोपणाचं हीरो मी सध्या शोधतोय. भाचाही मदत करतोय. परवाच त्याने एक दाखवलं. किंमत ऐकून ही म्हणाली, एवढ्यात तर नवा मोबाइल येईल. जुन्या पेनांचे भाव, म्हणे, सध्या फार चढलेत.